गाठ मारलेला टाय परत घेत नाही

माझ्या दुकानात एकच पाटी आहे आणि ती मीच रंगवली आहे. 'गाठ मारलेला टाय परत घेतला जाणार नाही.' लोक ती वाचून आधी हसतात, नंतर भांडतात.

त्याचं असं आहे की आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांना गाठ येत नाही. टाय पसंत करतात, घासाघीस करतात आणि सगळं झाल्यावर हळूच म्हणतात, "जरा बांधून द्या ना." मग मी तो टाय स्वतःच्या गळ्यात घालतो, गाठ मारतो, सैल करतो आणि डोक्यावरून काढून त्यांच्या हातात देतो. ते तो तसाच घरी नेतात आणि ती गाठ जन्मात सोडत नाहीत. कपाटाच्या दाराला टाय फासासारखा लटकत असतो. मुलाखतीला तीच गाठ, साखरपुड्याला तीच, मेव्हण्याच्या लग्नालाही तीच. पुढे कधीतरी उगवतात. "शेट, हा इथं चुरगळला. बदलून द्या." मी पाटीकडे बोट दाखवतो. तिथून आवाज चढतात, आणि माझा आवाज आधी चढतो हे मला मान्य आहे.

पनवेलमध्ये एसटी स्टँडकडून बाजाराकडे येणाऱ्या गल्लीत माझा गाळा आहे. त्याआधी स्टँडच्या कडेला फूटपाथवर लाकडी घोडी मांडून मोजे, रुमाल आणि टाय विकायचो. लोक विचारतात, इथल्या घामात टाय घालतं कोण? सगळे घालतात, फक्त हौसेनं कुणी घालत नाही. जासईकडच्या कंटेनर यार्डात साहेबाला भेटायला जाणारी मार्केटिंगची पोरं घालतात, हॉटेलात कामाला लागलेली घालतात, आणि नवरदेव घालतात. नवरदेव हे आमचं खरं पीक. उन्हाळ्यात रिसेप्शनला कोट घालून घामानं निथळत स्टेजवर उभं राहणाऱ्या माणसाइतका शूर माणूस मी पाहिलेला नाही.

धंद्यातलं थोडं सांगतो, फुकट. टाय घेताना त्याचा रंग शेवटी बघा. आधी तो निमुळत्या टोकाला धरून हवेत लोंबकळत सोडा. सरळ लटकला तर कापड नीट उरेब, म्हणजे तिरपं, कापलेलं आहे. गिरकी घेऊ लागला तर दुकानदाराच्या हातात परत द्या, मग तो दुकानदार मी असलो तरी. आतलं अस्तर बोटांना जाणवलं पाहिजे, नाहीतर गाठ चिंचोक्याएवढी होते. रुंदी कोटाच्या छातीवरच्या पट्टीइतकी असावी. टोक पट्ट्याच्या बकलाला टेकावं. वर राहिलं तर माणूस शाळकरी दिसतो, खाली गेलं तर दुसऱ्याचा टाय घातल्यासारखा दिसतो. शर्टापेक्षा टाय गडद असावा. डब्यातला सेट, म्हणजे टाय आणि खिशातला रुमाल एकाच कापडाचा, मी विकतो, पण तुम्ही घेऊ नका. पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवल्यासारखं दिसतं ते. आणि गाठीच्या बरोबर खाली कापडाला एक खळी पडली पाहिजे. ओढताना बोटानं दाबून ती पाडावी लागते. खळी नसलेला टाय मला इस्त्री केलेल्या पट्ट्यासारखा वाटतो. सगळ्यात मुख्य म्हणजे घरी आल्यावर गाठ सोडा, रोज. कापडालाही श्वास लागतो.

हे शेवटचं वाक्य माझं नाही, दादाचं आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी माझा एक नियम सांगायला हवा. मी गिऱ्हाइकाच्या गळ्याशी कधी हात नेत नाही. फूटपाथवर असताना एकदा भाव करता करता एका माणसाच्या गळ्यात गाठ मारत होतो. तो भाव खाली आणत गेला आणि माझा हात नकळत वर सरकत गेला. त्यानं बोंब ठोकली, "मारतो की काय हा!" स्टँडवरचे रिक्षावाले धावून आले. तेव्हापासून गाठ मारायची ती स्वतःच्याच गळ्यात. समोरचा उंच असेल तर मोठं टोक चार बोटं जास्त सोडायचं, एवढाच हिशेब. हा नियम मी एकदाच मोडला, आणि तेच मला लिहायचं आहे.

मध्यंतरी उरणकडची एक मासळीवाली बाई लेकाला घेऊन आली. जाड पाटल्या, अंबाड्यात अबोलीचा गजरा, आणि टाय हातात घेऊन बघण्याची रीत अशी की पापलेटाचे कल्ले उघडून बघतेय.

"ए शेट, माज्या पोराचं लगीन हाय. ह्यो कितीला?"

मी भाव सांगितला. तिनं निम्मा सांगितला.

"बाई, हे रेशीम आहे."

"रेशीम आसंल. आमी काय फडका बोललो?"

"या भावात माझा मालही सुटत नाही."

"नको सुटू दे. ठेव दुकानात, लोणचं घाल त्याचं."

मी टाय हिसकावून परत टांगला. ती हलली नाही. लेक बिचारा म्हणत होता, "आये, चल ना, लोकं बघतान." शेवटी सौदा झाला, तिच्या बाजूनं जास्त. मी रागारागात टाय गळ्यात घातला, गाठ मारली आणि काढून दिला. तिनं गाठ बोटांत धरून फिरवून पाहिली. जाळी विणणाऱ्या घरातली बाई ती.

"ही गाठ उलटी हाय."

"काय?"

"डाव्या हाताची हाय. तू डावरा नाय, सगला उजव्या हातानं करतंस. मंग गाठ उलटी कशी मारलीस?" आणि लगेच, "उलट्या गाठीचा भाव पन कमी कर."

भाव मी कमी केला नाही, पण ती गेल्यावर दिवसभर माझं लक्ष लागेना. इतकी वर्षं मी गाठी मारतोय, पनवेलच्या अर्ध्या नवरदेवांच्या गळ्यात माझी गाठ असेल, आणि ती उलटी आहे हे तोवर फक्त एकाच माणसानं ओळखलं होतं. माझ्या दादानं.

दादा माझ्यापेक्षा मोठा, शिकलेला. मुंबईत एका कंपनीत लागला तेव्हा आमच्या घरातला तो पहिला टायवाला. आम्ही एका खोलीत राहायचो. आरसा तळहाताएवढा, खिडकीच्या गजाला अडकवलेला. दादा गाठ मारायला लागला की मी शेजारी जाऊन आरशात डोकं घालायचो. तो कोपरानं ढकलायचा. "आरशात घुसू नको. शिकायचं तर समोर उभा राहा आणि बघ." मी समोर उभा राहिलो. वडिलांचं उपरणं गळ्यात घेऊन, आरशात करावं तसं, तो जिकडे नेईल तिकडे नेत गेलो. अशी माझी गाठ पहिल्या दिवसापासून उलटी बसली. दिसायला फरक एवढाच की तिचा तिरका उतार दुसऱ्या खांद्याकडे जातो. कुणाचं काही अडत नाही. पण हाताला एकदा लागलेलं वळण जात नाही. मी प्रयत्न केला, नाही गेलं.

पुढे माझं शाळेशी जमलं नाही आणि मी फूटपाथवर आलो. दादा स्टँडवर उतरायचा आणि मला बघून रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. नातेवाइकांत सांगायचा, "विजय फडकी विकतो." गाळा घेतला तेव्हा पूजेला आला नाही, ऑफिसात ऑडिट होतं म्हणे. आजवर त्यानं माझ्याकडून एक टाय घेतलेला नाही. मुंबईहून आणायचा आणि मला दाखवून विचारायचा, "असला माल येतो का रे तुमच्याकडे?" यायचा. माझ्याकडे त्याहून चांगला यायचा.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. फोटोचं मात्र सुटत नाही.

दादाच्या मुलीचं, स्वातीचं लग्न होतं. मी सख्खा काका. नवा कोट शिवला होता. रिसेप्शनच्या आधी जावयाच्या खोलीतून बोलावणं आलं, "काका, जरा येता का?" आत बघतो तर जावई, त्याचे भाऊ, मित्र, सगळे हातात एकसारखे टाय घेऊन उभे. आता इकडे ही रीतच झाली आहे. नवऱ्याकडच्या सगळ्या पोरांना एक टाय, आणि तो बांधता कुणालाच येत नाही. मी एकेक टाय स्वतःच्या गळ्यात घालून काढत बसलो. बाहेर फोटोग्राफर 'मुलीकडचे सगळे या' म्हणून ओरडत होता ते दाराआडून ऐकू आलं नाही. बाहेर आलो तेव्हा फोटो होऊन गेला होता. मी म्हटलं, "दादा, परत काढूया ना एक." तो म्हणाला, "आता लोक जेवायला निघालेत. कशाला?"

तो फोटो नवीन पनवेलला त्याच्या हॉलमध्ये लावलेला आहे. भला मोठा. आत्येभावाचा साडू आहे त्यात, मी नाही. जावयाकडच्या दुसऱ्या फोटोत सगळ्यांच्या गळ्यात माझ्या गाठी आहेत. पहिल्यांदा तो दाखवला तेव्हा दादा पाहुण्यांसमोर हसला होता. "बघा, आमच्या विजयची करामत. सगळ्यांच्या गाठी उलट्या!" पाहुणेही हसले, काही कळलं नसताना. मी चहा न पिता उठलो. त्यानंतर गणपती आणि दिवाळी सोडून त्या घराची पायरी चढलो नाही.

या वर्षी दादाच्या मुलाचं, निखिलचं लग्न ठरलं. त्याच्या साखरपुड्यात मी दादाला बघितलं आणि काहीतरी खटकलं. टाय नेहमीसारखा उंची होता, पण गाठ शिळी होती. धंद्यातल्या माणसाला कळतं. रोज सोडून बांधलेली गाठ ताजी, भरलेली दिसते. सोडायची राहिलेली गाठ कडेनं चमकायला लागते आणि तिची खळी मरते. माझी अडाणी गिऱ्हाइकं करतात तेच दादानं केलं होतं. कापडालाही श्वास लागतो म्हणणाऱ्या माणसानं! मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी येईपर्यंत ते बरं वाटणं गेलं आणि नुसती रुखरुख उरली.

लग्नाच्या आठवड्यात दुपारी वहिनी दुकानात आल्या. एकट्याच, रिक्षा थांबवून ठेवून.

"भाऊजी, तो चेनवाला टाय असतो ना, नुसता वर ओढायचा, तो एक द्या."

चेनवाला टाय म्हणजे शिवलेली आयती गाठ आणि मागे पँटसारखी चेन. मी तो शाळेतल्या मुलांसाठी ठेवतो. मोठ्या माणसाला विकत नाही, त्यावरूनही माझी भांडणं झालेली आहेत.

"कुणाला हवाय?"

"शेजाऱ्यांना."

"शेजाऱ्यांना सांगा, शाळेत नाव घाला, मग मिळेल."

"भाऊजी, वाद नको. द्या."

"नाही देणार. मोठ्या माणसानं चेनचा टाय घालणं म्हणजे—"

"यांच्या हाताला कंप आहे," वहिनी म्हणाल्या. "उजव्या. शर्टाची बटणंसुद्धा मीच लावते. टायची गाठ मला येत नाही. जुनी होती ती सरकवून चालवत होते, ती परवा लाँड्रीवाल्यानं सोडली. निखिल म्हणाला मी बांधतो, तर त्याच्यावर ओरडले. सगळ्यांसमोर मुलाकडून बांधून घ्यायची नाही म्हणतात. तुम्हाला सांगितलं हे कळलं तर माझ्याशी बोलणार नाहीत."

मी गप्प बसलो. मला गप्प बसता येतं हे वहिनींनी पहिल्यांदाच पाहिलं असेल. मग म्हटलं, "टाय आणून द्या. माझ्या गळ्यात बांधून देतो, त्यानं फक्त डोक्यातून घालायचा."

त्यांनी मान हलवली. "तुमची गाठ ते लगेच ओळखतील."

खरं होतं ते. वहिनी रिकाम्या हातानं गेल्या.

पुढचे दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. दुकानातल्या आरशापुढे उभा राहून गाठ सुलटी मारायचा प्रयत्न करत होतो. डोक्याला कळत होतं, हात ऐकत नव्हते. गिऱ्हाईक आलं की खेकसायचो. एका संध्याकाळी रिक्षा करून नवीन पनवेलला गेलो, दादाच्या इमारतीखाली थांबलो, वरच्या खिडकीतला दिवा बघितला आणि त्याच रिक्षानं परत आलो. रिक्षावाला म्हणाला, "काय काका, पत्ता चुकला?" मी त्याच्याशीही भांडलो.

रिसेप्शन पळस्प्याजवळच्या हॉलमध्ये होतं. गेल्या गेल्या निखिलचे मित्र चिकटले, हातात मरून रंगाचे टाय. "काका, तुमचीच वाट बघत होतो!" मी म्हटलं, थांबा. वहिनींनी डोळ्यांनी मागच्या खोलीकडे खूण केली.

दादा खुर्चीवर बसला होता. सूट उत्तम शिवलेला, आणि गळ्यात चेनवाला टाय. कुठून तरी मिळवला होता. चकचकीत, निळा, शाळेच्या बँडमधल्या पोराच्या गळ्यात असतो तसला. माझं डोकं फिरलं.

"काढ तो."

"तुझं काय काम आहे इथं?"

"काढ म्हणतो ना. माझा भाऊ असून हे घालून स्टेजवर जाशील? दोन्ही घरची माणसं आलीत."

"जा, तुझी फडकी बांध जा तिकडे!"

मी पुढे झालो, चेन खाली ओढली आणि तो टाय काढून कोपऱ्यात भिरकावला. त्यानं मला ढकलायला हात उचलला. तेव्हा दिसलं. हात नुसता थरथरत नव्हता, कुणीतरी आतून हलवावा तसा हलत होता. त्यानं तो दुसऱ्या हातानं धरून मांडीवर दाबून ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिला.

त्याचा खरा टाय खुर्चीच्या पाठीवर होता. गर्द हिरवं रेशीम, बारीक ठिपका. मी सवयीनं तो स्वतःच्या गळ्यात घालायला घेतला. मग मनात आलं, ही गाठ उलटी येणार, आणि आज याच्या गळ्यात ती नको.

"उठ," मी म्हटलं. "समोर उभा राहा. हलू नको."

तो उठला. मी त्याची कॉलर उभी केली आणि टाय घातला. आयुष्यात दुसऱ्यांदा मी दुसऱ्याच्या गळ्याशी हात नेत होतो. विचार न करता हातांना जाऊ दिलं. ते आपल्या वळणानं गेले. गाठ वर सरकवली, बोटानं खळी पाडली, कॉलर खाली केली.

दादा आरशासमोर गेला. मान तिरकी करून गाठ बघितली.

"सुलटी आली."

मीही बघितलं. उतार बरोबर त्याच्या नेहमीच्या बाजूला होता. समोर उभं राहून शिकलेली गाठ समोर उभं राहून मारली की सुलटी येते. इतकी वर्षं मी ती स्वतःच्या गळ्यात मारत होतो, मला कसं कळणार?

"शिकवताना शेजारी उभं राहू दिलं असतंस," मी म्हटलं, "तर तेव्हाच आली असती."

तो आरशापासून वळला. बाहेर निघून गेला. आणि मित्रमंडळी आत घुसली. "काका, आता आमचं!" मी पहिला टाय गळ्यात घातला, दुसरा घातला. बाहेरून फोटोग्राफरचा आवाज आला, "मुलाकडचे सगळे, फॅमिली फोटो!" या वेळी मला तो स्पष्ट ऐकू आला. हातात पोरांचे टाय, दारात पोरं, आणि माझे पाय जागचे हलेनात. न बोलावता जायचं नाही, हेही एक वळणच असतं माणसाला.

दार उघडलं. दादा होता. पोरांना म्हणाला, "टाय बांधून झालेले सरका तिकडे, बाकीचे तसेच या." आणि मला, "चल. फोटो खोळंबलाय."

स्टेजवर त्यानं मला आपल्या शेजारी उभं केलं. तेवढ्यात व्याही वाकून म्हणाले, "वा, काय गाठ आहे! हल्ली अशी बघायला मिळत नाही. कुणी बांधली?"

दादा म्हणाला, "कुणी कशाला? मीच."

माझ्या तोंडाशी शब्द आले होते, सगळे, फूटपाथपासूनचे. त्याच क्षणी त्यानं उजवा हात उचलून माझ्या खांद्यावर ठेवला आणि घट्ट धरला. मी तोंड मिटलं. फ्लॅश पडला.

आता दादाच्या हाताचं सगळ्यांना कळलं आहे, औषधं चालू आहेत, त्यामुळे हे लिहायला हरकत नाही. गाठीचं मात्र अजून कुणाला माहीत नाही, म्हणून लिहिलं. दादा दिवाळी अंक कधी विकत घेत नाही, पण कुणाचा तरी मागून वाचतो. वाचू दे.

तो फोटो हॉलमध्ये जुन्या फोटोशेजारी लागला आहे. येणारे जाणारे विचारतात, लग्नाच्या फोटोत काकांचं तोंड एवढं रागावलेलं का? मी सांगतो, फ्लॅश डोळ्यांवर आला. दादाचा हात माझ्या खांद्यावर आहे. तो तेव्हा किती थरथरत होता ते फोटोत येत नाही.